मैदानावर विचारलेला सतराचा पाढा

आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि शिक्षकांमध्ये बूट घालून येणारा मी एकटाच. एवढ्या पात्रतेवर मुलींचा कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडला. मी मूळचा गणिताचा. सोबत प्रथमोपचाराची पिशवी मिळाली, तिच्यात दुखण्यावर मारायचा स्प्रे आणि क्रेप बँडेज. कांदा मी घरून आणून ठेवला होता, कोणाला चक्कर आली तर हुंगवायला. वैद्यकशास्त्रातली माझी झेप तिथपर्यंतच.

वळ गावात गोदामांच्या मागच्या मैदानावर उपांत्य सामना होता. आमची मुख्य चढाई करणारी मुलगी नववीतली. तिची आई जवळच्याच गोदामात पॅकिंगला. त्या दिवशी शिफ्ट बदलून सामना बघायला आली होती. दुसऱ्या डावात पोरगी गुण घ्यायला खाली वाकली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. ती आडवी झाली, काही क्षण तशीच पडून राहिली, मग उठून बसली आणि हसली.

हसतेय म्हणजे ठीक आहे, असं मला वाटलं. तरी जबाबदार माणूस म्हणून मी तपासणी केली. तिला सतराचा पाढा म्हणायला सांगितलं.

सतरा दुणेला ती अडकली. बाकीच्या पोरी खिदळल्या. त्यांचं म्हणणं, सर, हिला तो कधी येत होता? खरंच होतं. चाचणी परीक्षेतही ती तिथेच थांबायची. म्हणजे डोकं पूर्वी होतं तसंच आहे, असं मी सिद्ध केलं. आम्ही तीन गुणांनी मागे होतो, हेही त्या सिद्धतेत कुठेतरी होतंच. पंचांनी बदली खेळाडू देणार का विचारलं. मी ऐटीत नकाराची मान हलवली.

ती आणखी दोन चढाया खेळली. पहिलीत नुसतीच जाऊन आली. दुसरीत मध्यरेषा ओलांडली, समोरच्या सात जणींच्या मधोमध थांबली आणि माझ्याकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "सर, चढाई कोणाची हाय?"

समोरच्या पोरी तिला धरायचंच विसरल्या. मग ती खाली बसली आणि ओकली.

गावातल्या डॉक्टरांनी हात न लावता ठाण्याला न्यायला सांगितलं, डोक्याचा स्कॅन लागेल म्हणाले. रिक्षात आईच्या मांडीवर तिचं डोकं, समोर ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर मी. वाटेत कशेळीच्या पुलाअलीकडे कंटेनरांची रांग लागलेली. दर दोन मिनिटांनी मागून तोच प्रश्न येत होता, त्याच आवाजात. चढाई कोणाची हाय? सुरुवातीला आई "तुझीच, बाय" असं उत्तर देत होती. पुलाजवळ ती उत्तर द्यायची थांबली. मी मोबाइलचा उजेड पाडून पोरीच्या बुबुळांकडे पाहिलं. काय बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं, पण काहीतरी करताना दिसणं भाग होतं. उजेड तिच्या कपाळावर, आईच्या गळ्यावर, रिक्षाच्या टपावर फिरत होता. आणि मनात मी एक वाक्य घोकत होतो: लागल्याबरोबर बाहेर काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच विचारलं. "मार लागल्यावर पुन्हा खेळली का?"

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"खेळली. दोन चढाया. मीच पाठवली."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. त्या दोन चढायांत दुसरा मार बसला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी होते ना तिथं. म्हनून मी जागेवरून उठले न्हाय."

स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला नाही. मेंदूला हादरा बसला होता. संध्याकाळपर्यंत तो प्रश्न विचारायची ती थांबली. पण डोकेदुखी तीन आठवडे राहिली, आणि फळ्याकडे बघितलं की तिचे डोळे पाणावायचे. त्या तीन आठवड्यांत मी फळ्यावर कमीत कमी लिहिलं. घरी बायको विचारायची, झोपेत कोणाला पाढे विचारता?

दोन महिन्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती मैदानावर आली. चिठ्ठी मी चार वेळा वाचली, चारही वेळा खेळायला परवानगी निघाली. तरी मी कुंपणापाशी तिच्या आईकडे गेलो आणि पाठवू का विचारलं. तिने चिठ्ठी माझ्या हातून घेऊन उलटसुलट पाहिली. पोरगी तिकडून आमच्या दोघांकडे वैतागून बघत होती.

"जाऊ दे," आई म्हणाली. "पर तुमी हितंच उभं ऱ्हावा. माज्या बाजूला."

शिट्टी वाजली. प्रशिक्षकाने चढाई नीट बघायची असते. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. पावलं, धापा, कोणीतरी मातीत घसरल्याचा आवाज. मग दंडाला कोपर लागलं.

"आली परत," आई म्हणाली. "उघडा."