तीन पाण्यांचा भात

राजस्थानात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे पाय माझ्या मागून निदान पन्नास पावलं अंतर ठेवून येत होते. मी थांबलो की तेही थांबत, आणि मी चाललो की उगाच विचार करत बसत. अरवलीच्या त्या उघड्या डोंगरावर ना झाड, ना झुडूप, नुसता दगड आणि दगडावरून घसरत येणारा वारा. आम्ही भंडारा जिल्ह्यातली माणसं. दर कोसावर तलाव, दर शेताला पाण्याची बोडी, पाय भिजल्याशिवाय आम्हाला कुठे पोचल्यासारखं वाटतच नाही. अशा माणसांनी हिवाळ्यात वाळवंटाचे डोंगर चढायचे म्हणजे मासळीनं चप्पल घालण्यासारखं.

पण सरांची इच्छा होती. आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षं झाली असतील. सानगडीच्या आमच्या शाळेत सर तीस वर्षं भूगोल शिकवत होते आणि उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. तीस वर्षं त्यांनी वाळवंट शिकवलं, पण पाहिलेलं नव्हतं. या डोंगराच्या माथ्यावरून पश्चिमेला वाळवंट सुरू होताना दिसतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. नाताळच्या सुटीत ते निघाले. सोबत ड्रिलमास्तर, कारण त्यांच्या दंडात बळ होतं, आणि मी, कारण मला स्वयंपाक येतो अशी मी स्वतःच अफवा उठवली होती.

तंबू म्हणून आम्ही शाळेच्या नाटकाचा पडदा आणला होता. त्यावर राजवाडा रंगवलेला. म्हणजे खडकाच्या आडोशाला आम्ही राजवाड्यातच उतरलो, फक्त राजवाड्याला खालून चार बोटांची फट होती आणि तिथून सगळं राजस्थान आत येत होतं. थंडी अशी की खालून आणलेल्या सरपणाची शेकोटीच ऊब घ्यायला आमच्याकडे सरकून राहिली होती. वाटाड्या म्हणून पायथ्याच्या गावातला एक मेंढपाळ घेतला होता. त्यानं पाण्याचे दोन पत्र्याचे डबे आपल्या खांद्यावरून वर आणले आणि हिंदीत मला बजावलं, की हे उद्या माथ्यावर जाऊन परत खाली उतरेपर्यंतचं पाणी आहे. मी मान हलवली. थकलेला माणूस कशालाही मान हलवतो.

मग मी भात केला. आईनं शिकवला तसा. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले. मोठ्या पातेल्यात भरपूर आधण ठेवलं, शीत मऊ झालं तशी पेज पसवून खडकावर ओतून दिली. घरी असती तर गाईनं पिऊन टाकली असती. हात धुतले, पातेलं धुतलं, वर पायही धुतले, कारण पाय न धुता आमच्याकडे कोणी जेवायला बसत नाही. सर्वांनी पोटभर खाल्लं. ड्रिलमास्तर म्हणाले, दोन दिवसांच्या बाजरीनं माझे दात पायात उतरले होते, ते आज जागेवर आले.

सकाळी मेंढपाळानं पहिला डबा उचलला आणि तो त्याच्या अंदाजापेक्षा इतका हलका निघाला की तो मागे पडता पडता वाचला. दुसऱ्यात जेमतेम लोटाभर. मी लगेच म्हणालो, डबा गळका असावा. मेंढपाळानं फक्त खडकाकडे बोट दाखवलं. माझी पेज तिथे पांढरी, पापुद्र्यासारखी गोठून पडली होती, चांगली परातभर.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पाण्याशिवाय वर कोणी जायचं नाही, सगळ्यांनी खाली चला. पण खाली गेलो की संपलं, दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती. सरांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला.

"तांदूळ किती पाण्यानं धुतले गा, बापू?"

"तीन, सर."

"घरच्यावानी," ते म्हणाले आणि माथ्याकडे पाहत राहिले.

ड्रिलमास्तरांचा तोल गेला. "भाताले का तलावात पोहाले शिकवत होता का तू? काहून गा, मुकाट्यानं भाकर खाल्ली असती तं मेला असता?"

मी उठलो. "सर, तुमी चढा. लोटा संग घ्या. पाणी मी आणतो."

मेंढपाळानं बराच विचार करून होकार दिला. ते तिघं हळूहळू वर निघाले आणि मी दोन रिकाम्या छागली, म्हणजे पाण्याच्या कापडी पिशव्या, खांद्याला अडकवून खाली. पायथ्याची विहीर इतकी खोल, की बादली सोडली तेव्हा माझी दाढी केलेली होती आणि वर आली तेव्हा वाढलेली. मग भरलेल्या छागली घेऊन तोच डोंगर पुन्हा. कापडातून पाणी झिरपून पाठ ओली झाली, त्या ओल्या पाठीवर वारा. दगड तेच होते, सकाळी ओळख झालेले, तरी एकानंही वाट सोपी केली नाही. वाटेत मी एक घोटही घेतला नाही असं मी सानगडीत सांगत असतो. तीन घेतले.

मुक्कामाच्या खडकाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वरून ते तिघं उतरत होते. ड्रिलमास्तरांनी सरांचा हात धरलेला. सरांचे ओठ फुटले होते. ते बसले, पाणी प्याले, थांबून पुन्हा प्याले. मग मी विचारलं, दिसलं का.

"दिसलं," ते म्हणाले. "लय मोठं हाय. अन् पिवळं नाई बापू. राखेवानी हाय. तीस वर्षं मी पोरायकडून पिवळं रंगवून घेतलं."

त्यांना हसू येत होतं, पण फुटलेल्या ओठांमुळे हसता येत नव्हतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "माथा आमाले दूर पडला, तुले तासाभराचा हाय. उजेड हाय अजून. जाऊन ये तू. आमी थांबतो."

मी वर पाहिलं. वाट अगदी स्पष्ट दिसत होती. मग पायांकडे पाहिलं, ते एकदाचे माझ्याजवळ येऊन बसले होते, त्यांना उठवण्याचा धीर झाला नाही.

"राहू द्या सर," मी म्हणालो. "तुमीच सांगा."

आणि ते खाली गाव येईपर्यंत सांगत राहिले.