निळं पाणी गेलं कुठे?

लातूरच्या माणसाला पाणी आटण्याची भीती जन्मतःच असते. लुंबिनीला मात्र भरल्या पाण्याचीच धास्ती बसली. औसा रोडवरच्या बागेत लेकरांसाठी कारंज्यांचं मैदान आहे, फरशीतून पाणी उडतं आणि पोरं त्यात भिजतात. तिथला पंप ती चालवायची. उडालेलं पाणी फिरून टाकीत यायला हवं, पण टाकी रोज उतरायची. गळती सापडली नाही तर नोकरी जाणार, या घोरानं तिला भाकर गोड लागेना.

शेवटी तिनं युक्ती केली. जयंतीच्या मिरवणुकीतला उरलेला निळा गुलाल टाकीत ओतला. जिथे निळं पाझरेल तिथे गळती! भिंती पाहिल्या, हिरवळ पाहिली, नाली पाहिली. निळा थेंब कुठेच नाही. गळती नाहीच, असं वाटून बाईचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी फाटक उघडलं, निळ्या पाण्यात पोरं किंचाळत नाचू लागली. तिची धाकटी मनिषाही त्यांत होती.

मग लुंबिनीनं टाकीत डोकावलं. पाणी पुन्हा उतरलं होतं. बाहेर नाही, तर जातंय कुठे? तिनं मैदानाच्या कडेला टाच आपटून पाहिली. आवाज पोकळ आला. खालची काळी माती पाण्यानं धुऊन नेली होती, आणि पोरं नुसत्या फरशीवर नाचत होती.

तिनं धावत जाऊन पंप बंद केला आणि ओरडली, "पाणी बंद झालंय! भाईर निघा!"

करायला गेली एक आणि झालं भलतंच. पाणी चाललंय म्हटल्यावर लातूरचं माणूस बाहेर कशाला निघेल? बाकांवरच्या आया बाटल्या घेऊन आतच धावल्या.

"निळं तर निळं, संडासाला तरी होतंय!" एकजण म्हणाली.

फरशी करकरली. खरं समजावत बसायला वेळ कुठे होता?

"करंट! पाण्यात करंट उतरलाय!"

क्षणात मैदान रिकामं झालं. मनिषाला कुणीतरी काखोटीला मारून आणलं. करंट नव्हताच हे कळल्यावर लोक शिव्या घालायला तोंड उघडणार, तोच मधली फरशी धाडकन खचली. खड्ड्याच्या तळाशी निळं पाणी साचलं होतं. लुंबिनी लेकीला उराशी धरून ओक्साबोक्शी रडली.

मैदान आता दुरुस्त झालंय, पंपही तीच चालवते. पण गल्लीत नळ आला आणि बाया घागरी घेऊन धावल्या, की ती अजून जागीच थबकते. आधी मनिषा कुठे आहे ते बघते, मगच घागर उचलते.