चिखल्यांचा रकाना

मी रोह्याला ज्या डॉक्टरांकडे नर्स होते, त्यांना पेणचे डॉक्टर लोक पाठीमागे ‘उंदीरमामा’ म्हणत. मला त्याचा भारी राग यायचा. भाताच्या लावणीच्या दिवसांत गावोगाव ताप यायचा, पोटऱ्या ठणकायच्या, डोळे पिवळे व्हायचे. लोक कावीळ समजून झाडपाला घेत आणि काही जण आठवड्याभरात जात. हा ताप उंदरांच्या मुतातून येतो, असं आमचे डॉक्टर सांगत. शेतातल्या पाण्यात मूत, पायाला जखम, जखमेतून रोग अंगात. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो.

पेणचे सर्वांत मोठे डॉक्टर म्हणाले, “आधी जखमा दाखवा. महिन्याभरात रामवाडीला सगळे डॉक्टर जमणार आहेत, तिथे बोलू.” त्यांना पटलं तर सगळेच ते इंजेक्शन देणार होते. नाहीतर माणसं जातच राहणार.

आमच्या डॉक्टरांनी फॉर्म छापले. भरायचं काम माझं. पेशंटच्या उशाशी बसून विचारायचे, “पायाला जखम हाय का गो?”

“नाय.”

मी लिहायचे, ‘नाही’. सगळे फॉर्म तसेच! डॉक्टरांनी ते चाळून बाजूला ठेवले. “सिस्टर, बहुतेक मीच चुकलो,” म्हणाले. माझा जीव तुटला हो.

त्या रविवारी मी नागोठण्याजवळ माहेरी लावणीला गेले. सोमवारी दवाखान्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात औषध म्हणून मेंदी लावत बसले होते, तर डॉक्टर समोर उभे.

“हे काय झालंय?”

“काय नाय, चिखल्या.”

“कातडी सोललीय, रक्त दिसतंय आणि काय नाय?”

“अहो, चिखल्या त्या! लावणीत सगळ्यांनाच होतात. जखम म्हणजे कोयता लागला तर.”

डॉक्टर माझ्या पायांकडे बघत राहिले आणि एकदम पोट धरून हसत सुटले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जळ्ळं माझं डोकं, नर्स असून मला कळू नये!

आम्ही पुन्हा गावं पालथी घातली. “चिखल्या हायत का गो?”

“त्या तर हायतच!”

रामवाडीच्या सभेत मोठे डॉक्टर मफलर गुंडाळून पहिल्या खुर्चीत बसले होते. आमच्या डॉक्टरांनी चिखल्यांचे नवे फॉर्म मांडले, तर “छे! चिखल्यांना जखम कोण म्हणतं?” ते म्हणाले आणि सगळे हसले. माझं टाळकंच सटकलं. त्यांना शेतीची हौस, दरवर्षी स्वतः लावणीत उतरायचे, हे सगळ्या पेणला ठाऊक होतं. मी उभीच राहिले.

“साहेब, औंदा लावणीला उतरलात?”

“उतरलो की.”

“पायाला जखम?”

“मुळीच नाही.”

“आणि चिखल्या?”

“त्या आहेतच की,” म्हणाले आणि जीभ चावली. हॉलमध्ये असा हशा पिकला म्हणता! एकटे आमचे डॉक्टर हसले नाहीत. ते मफलरकडे बघत होते.

“साहेब, ताप कधीपासून आहे?”

“परवापासून,” मोठे डॉक्टर हळूच म्हणाले. “पोटऱ्या फार दुखतात हो.”

त्याच संध्याकाळी त्यांना रोह्याला आमच्याकडे आणलं आणि इंजेक्शन सुरू केलं. दोन दिवस मी त्यांच्या उशापासून हलले नाही. भर सभेत त्यांचं हसं मीच केलं होतं. पाचव्या दिवशी ताप पुरता उतरला. उठून बसले, पेज प्यायले आणि मला म्हणाले, “चल, माझा फॉर्म भर.”

मी ‘जखम’ शब्दापुढे ‘आहे’ लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. “‘जखम’ शब्दच खोड. तिथे ‘चिखल्या’ लिही गो. नाहीतर सगळे माझ्यासारखे नायच म्हणतील.”