बारशाची गोधडी आणि सहावी सुई

डबीत सुया पाच होत्या. पाहिजे होत्या सहा.

मी गोधड्या शिवते. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडा टाचायच्या आणि बारीक टाके घालत कडेकडून आत यायचं. हसनाबादेत बरीच बाळं माझ्या गोधडीवर निजली.

मागच्या साली पुतणीनं मला औरंगाबादला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. माझ्या वेंधळेपणाला त्या एडीएचडी म्हणाल्या. म्हणजे लक्ष एका जागी बसत नाही, आणि हे लहानपणापासूनच असतं. छप्पन्न वर्षं मी त्याला नुसतं 'डोकं फिरलेलं' म्हणत होते. "काम संपलं की सुया मोजत जा," असं बाईंनी सांगितलं होतं. मी मोजल्या. फक्त गोधडी देऊन दोन दिवस झाल्यावर.

गोधडी कडूबाईच्या नातीची होती. बारशाला नवी काढायची म्हणून तिनं ती जपून ठेवली होती. आणि बारसं आजच होतं.

मी पळत निघाले. वाटेत एका शेळीचा दोर बाभळीला गुंतलेला दिसला. तो सोडवत बसले. मग आठवलं, कशाला निघाले होते.

चारचौघींत मला बोलता येत नाही. पाळण्याभोवती तर वीसेक बायका. पोरगी गोधडीवर. शब्द फुटेना, म्हणून सरळ पोरगीच उचलली.

"आगं माय! काशे, आम्ही नाव ठेवून राह्यलो अन् तू पोरगी घेऊन कुठं चालली?" कडूबाई ओरडली.

"सुई," मी म्हणाले.

"काय?"

"गोधडीत सुई हाय."

पोरगी तिच्या आईकडं देऊन मी तिथंच बसले आणि दातानं दोरे तोडत एकेक थर सोडवला. तिसऱ्या थरात सुई आडवी पडलेली. त्या लुगड्याचं भोक शिवताना तिथं खोचली, तेवढ्यात दूध उतू गेलं. परत येऊन दुसरी सुई घेतली आणि वरून लुगडं अंथरलं.

कडूबाईनं सुई दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "बरं झालं माय, येळेवर आठवलं तुला."

"आठवलं न्हाई. मोजल्या."

"मंग द्यायच्या आधी मोजायच्या ना!"

बायका हसल्या. मीही हसले. पोरीचं बारसं जुन्या दुपट्यावर झालं, आणि गोधडी मी पुन्हा पहिल्यापासून शिवून दिली.

आता घरात एकच सुई ठेवते. ती हरवली की काम आपोआप थांबतं. मला सुधारण्यापेक्षा हे सोपं पडलं.