कोहळ्याला बोट दाखवू नये

आमच्या देवळी गावात मे महिन्याच्या दुपारी माणूस करतो काय, तर खाटेवर पडून शेती करतो. नोकरीतून मोकळा झालो त्या उन्हाळ्यात मी निव्वळ पंख्याकडे बघत बघत मागच्या अंगणात तीन पिकं काढली. भेंडी इतकी उंच गेली की तोडायला शिडी लागे. वांग्याच्या झाडाखाली सावली बघून एसटी थांबायला लागली. वालाचा वेल भिंत ओलांडून निघाला तो थेट गिरडच्या टेकडीपर्यंत गेला आणि तिथल्या दर्ग्याला वळसा घालून दिवेलागणीच्या आत घरी परतला. डोळे मिटले की पापण्यांच्या आत सगळं हिरवं. उघडले की समोर तापलेली, भेगा पडलेली माती.

शेवटी उठलो आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढला. उगवतीला सांबार (पुण्याकडच्यांनी कोथिंबीर वाचावी), न्हाणीच्या पाण्यावर पालक, कुंपणाला दोडके आणि टिनाच्या छपरावर चढवायचं तांबडं कोहळं (त्यांचाच लाल भोपळा). कोहळ्याबद्दल मी जरा जास्तच बोललो. एका फळात गावजेवण उरकेल, म्हणालो.

अडचण एकच होती. अंगण माझं नव्हतं, बायकोचं होतं. तिला तिथं फरशी हवी होती.

"अवो, मातीत खाटा टाकून कुरड्या वाळवते मी. निम्म्या कुरड्या, निम्मी धूळ," ती म्हणाली. "अन् तुमी खाटीवर पडून भाजी पिकवून राह्यले!"

"दिवाळीपर्यंत दे मले अंगण."

"देते. दिवाळीले तुमच्या वाडीतलं कोहळं माह्या कढईत पडलं, तर वाडी राहीन. नाई पडलं, तर फरशी. मंग कुरकुर नाई पाह्यजे."

मी हसत हसत कबूल झालो. खाटेवर तीन पिकं काढलेल्या माणसाला एका कोहळ्याची काय भीती?

पालक अळ्यांनी खाल्ला. दोडके असे कडू निघाले की शेळीनं तोंड लावलं आणि माझ्याकडे बघून मान फिरवली. पण कोहळ्याचा वेल! तो रात्रीतून हातभर सरके. मी कान लावून त्याचं सरकणं ऐकलेलं आहे. श्रावणात छप्पर पिवळ्या फुलांनी भरून गेलं आणि फुलांच्या देठाशी लिंबाएवढी फळं दिसू लागली. समोरच्या घरातल्या काकाजींना मी धरून आणलं. "हे पाहा! थे पाहा! तिकडं एक, थे पानामागं दुसरं!" अशी नऊ फळं दाखवली.

चार दिवसांत नऊच्या नऊ पिवळी पडून गळाली.

"बोटानं दाखवले ना?" बायको म्हणाली. "कवळ्या फळाले बोट दाखवते का कोनी? सडते थे. बोट मुडपून दाखवा लागते, एवढं लहान लेकरालेही समजते."

आता आली पंचाईत. माझी जीभ निम्मं बोलते, उरलेलं बोट बोलतं. तरी मी पंधरवडाभर मुठी आवळून हिंडलो. वाघाची गोष्ट मुठी आवळून सांगितली, तर ऐकणाऱ्यांना तो मांजराएवढा वाटला.

काकाजींनी विचारलंच, "काऊन भाऊ, मुठी बांधून बोलून राह्यले? काय लपवलं त्यात?"

"कोहळं," मी म्हणालो.

तरी फळं गळतच राहिली. पोळा झाला. बायको पावलांनी अंगण मोजू लागली, इकडून बारा, तिकडून नऊ.

मग एका पहाटे जाग आली. बाहेर उजेड अजून दुधासारखा पातळ होता आणि सगळं अंगण दवानं जड झालेलं. छपराशी स्टूल लावून बायको उभी होती. तिनं एक फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या, मधला पिवळा दांडा दुसऱ्या फुलात हलकेच फिरवला. त्या दुसऱ्या फुलाखाली इवलंसं फळ होतं. मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. बाळाला काजळ घालावं तसा तिचा हात चालत होता. मधमाश्या बहुधा सगळ्या शेतांतल्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, गेल्या होत्या आणि त्यांचं काम ही करत होती. जिला फरशी हवी होती, तीच.

ते स्वप्न असेल तर मोडू नये, नसेल तर त्याहून मोडू नये. मी पाय न वाजवता परत आलो, खाटेवर पडलो आणि घोरू लागलो. इतकं खणखणीत खोटं मी उभ्या जन्मात घोरलो नव्हतो.

चहा देताना तिच्या बोटाला पिवळी भुकटी होती.

"हे काय वं?"

"हळद."

कोहळं धरलं. एकच, पण असं फुगलं की छपरानं कण्हायला सुरुवात केली. दिवाळीच्या आदल्या दिवशी ते उतरवायला मी आणि काकाजी लागलो, आणि काकाजी अजून कमरेला शेक घेतात. बाईमाणसानं कोहळ्याला पहिला चिरा द्यायचा नसतो, म्हणून तिनं सुरी माझ्याकडे दिली. "मारा." मी मारला. आत केशरी उजेड पडल्यासारखं झालं.

कढईत फोडी पडल्या. जेवणं झाल्यावर ती ताटात बिया घेऊन बसली, पोकळ बाजूला, भरीव एकीकडे.

"वाडी राहीन," ती खाली बघूनच म्हणाली. "कुरड्या टिनावर घालीन. उन्हाळ्यात वेल कुठं राह्यते तिथं? पण पुढच्या साली बी मी टोचीन. तुमी खूप खोल टोचता."

तोंडाशी आलेली मोठी गोष्ट मी गिळली आणि ताटातल्या ओल्या बिया पुसायला घेतल्या.