सासूसमोर विचारलेला प्रश्न

"ताप न्हाय डॉक्टर, नुस्ता खोकला हाय. वजन बी जरा उतरलंय," मलकापूरहून सुनीताचा नवरा फोनवर सांगत होता.

"ताप नाही ना? मग घाबरू नका. दोन दिवस बघा आणि घेऊन या," मी म्हणालो.

मी संधिवाताचा डॉक्टर. मंगळवार पेठेत दवाखाना. सुनीता बत्तीस वर्षांची, घरी सहा म्हशी. बोटं इतकी सुजलेली, की धार काढता येईना. गोळ्यांनी भागेना म्हणून मी इंजेक्शन सुरू केलं. शरीरातल्या पेशी एकमेकींना 'सूज आणा, ताप आणा' असा निरोप धाडतात. तो निरोप पेशीवर ज्या जागी उतरतो, तिला रिसेप्टर म्हणतात. हे औषध ती जागाच अडवतं. निरोप पोचत नाही, सूज उतरते. तिसऱ्या डोसनंतर बाई स्वतः धार काढायला लागली. काय खूश झालो होतो मी!

पण ताप आणणारा निरोपही तोच. आत जंतू माजले तरी ताप येत नाही, सूज मोजणारी सीआरपी टेस्टही नॉर्मल येते. हे मला तोंडपाठ होतं. तरी फोनवर मी तापच विचारला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आठ दिवसांनी आणली तेव्हा तिला धाप लागली होती. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. थुंकीत टीबी. जुना टीबी अंगात दडून असेल, तर हे औषध तो पुन्हा जागा करतं.

"पूर्वी टीबी झालाय का, हे मी इंजेक्शनाआधी विचारलं होतं!" आयसीयूबाहेर मी तिच्या आईवर ओरडलोच.

"झालता की, लग्नाआधी. सासरी सांगितलं न्हाय," आई म्हणाली. "तुमी इचारलं तवा सासू शेजारीच बसलीती. कशी बोलंल पोरगी?"

टीबीची रक्ताची टेस्ट निगेटिव्ह होती, पण सुनीताला आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, आणि तसं असलं की ती टेस्ट फसवते. म्हणून तर तोंडानं विचारायचं. आमच्याकडे पेशंटबरोबर आख्खं घर केबिनमध्ये येतं, आणि मी त्या घरासमोरच विचारलं होतं.

अकराव्या दिवशी सुनीता गेली. सासू रडत मला म्हणाली, "सांगितलं असतं तर आमी काय हाकलली असती व्हय?"

आता आधी सगळ्यांना बाहेर काढतो, मग टीबीचं विचारतो. नातेवाईक भडकतात, "आमच्यापासनं काय लपवायचंय?" म्हणतात. भडकू देत.