फॉर्मवरची तिसरी ओळ

रोज सकाळी खिडकीची फळी वर करण्याआधी माझी मावशी दोन पेन्सिलींना ब्लेडने टोक काढायची. साली जुन्या पाकिटावर झेलायची आणि पाकीट दुमडून टोपलीत टाकायची. सरकारी दवाखान्यातल्या ॲडमिशनच्या खिडकीत ती एकतीस वर्षं बसली. शाईचं पेन टेबलावर असायचंच, पण पेन्सिलीचं काम वेगळं होतं. ऑपरेशनचा संमतीचा फॉर्म बाईच्या हातात देण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, ती बारीक अक्षरात वेळ लिहायची. फॉर्म सही होऊन परत आला की त्याखाली दुसरी वेळ. असं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन वेळांच्या मध्ये जे काही असायचं ते फॉर्मच्या तिसऱ्या ओळीमुळे. पहिल्या ओळीत रुग्णाचं नाव, दुसरीत आजार, आणि रुग्ण विवाहित स्त्री असेल तर तिसरीत नवऱ्याची सही. नवरा हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाची चालत नसे, तिची स्वतःचीही नाही. खिडकीसमोर एक लांब बाक होता. त्यावर बायका पोट धरून बसायच्या, आणि त्यांच्या बहिणी, जावा, शेजारणी नवऱ्यांना शोधायला धावायच्या.

"अहो बाई, पोट माझं फाडणार ना? मग सही त्यांची कशाला?"

"फॉर्म मी छापला नाही हो. बसा. आणि पाणी पिऊ नका."

"ते म्हणतात, साहेब सोडत नाहीत."

"मग साहेबांनाच उचलून आणा," मावशी म्हणायची. बाकावर हसू फुटायचं. ज्यांना हसताना दुखायचं त्या तोंडावर पदर धरायच्या.

वर्ष संपलं की ती सगळे फॉर्म काढायची आणि मागचे आकडे खोडरबराने पुसायची. कागदपत्रांच्या खोलीत गठ्ठा कोरा जावा लागे, ठरलेल्या रकान्यांबाहेर रेघही चालत नसे. त्या खोलीच्या कारकुनांना सगळे गठ्ठेवाले काका म्हणायचे. ते प्रत्येक फॉर्म उजेडात धरून बघत आणि खूण दिसली तर गठ्ठा परत पाठवत. मावशीचा गठ्ठा कधी परत आला नाही. आठवडाभर तिच्या साडीवर खोडरबराचा भुगा असायचा.

माझी आई त्या खिडकीशी आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आतली नळी फुटून तिच्या पोटात रक्त साचत होतं. मावशीने सख्ख्या बहिणीला फॉर्म दिला आणि मागे लिहिलं, १०.४५. माझे बाबा मालाचा ट्रक चालवायचे. त्या दिवशी ते दोन गावं पलीकडे होते आणि त्यांना निरोप मिळायला दुपार झाली. डॉक्टर दोनदा येऊन विचारून गेले. मावशी वरिष्ठांकडे गेली. "मी सख्खी बहीण आहे, मी करते सही," ती म्हणाली. "तुम्हाला नियम मी सांगू?" ते म्हणाले. ती परत येऊन खुर्चीवर बसली. रांगेत अजून सहा जणी होत्या. बाबा आले, त्यांनी सही केली, तिने लिहिलं, ४.२०. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

घरात माणसं जमली होती तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तूच ठोकून द्यायचीस भाऊजींच्या नावाने एक सही. कोण बघणार होतं?"

मावशी माझी वेणी घालत होती. घालून झाली, तिने ती सोडली आणि पुन्हा घातली.

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. वर्ष संपल्यावर तिने गठ्ठा काढला. आईचा फॉर्म आला तेव्हा तिने तो इतरांसारखाच पुसला आणि पुढचा घेतला. गठ्ठा कोरा जायला हवा होता.

त्यानंतर मी तिच्याकडेच राहिले. ती वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची, माझ्या शाळेच्या सभांना यायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. हसायची, पण खिडकीत बसून, बाकासाठी.

चौदा वर्षांनी एक वकीलबाई खिडकीशी आल्या. तिसरी ओळ काढावी म्हणून त्यांनी आणि आणखी काही जणींनी अर्ज केला होता. सरकारने समिती नेमली होती. खात्याचं उत्तर एका वाक्याचं होतं: सहीमुळे उपचारांना उशीर झाल्याची एकही नोंद उपलब्ध नाही. हे वाक्य टिकलं असतं तर नियमही टिकला असता.

"तुमच्याकडे काही नोंद आहे का?" वकीलबाईंनी विचारलं.

"होती," मावशी म्हणाली. "प्रत्येकीची."

"कुठे आहे?"

"दरवर्षी पुसते मी."

मग मावशीने त्या वर्षाचा गठ्ठा पुढे सरकवला. अकरा महिन्यांचे फॉर्म तेवढे पुसायचे राहिले होते. दोनशे बारा.

त्या वर्षी तिने ते पुसले नाहीत. गठ्ठा तीन वेळा परत आला. तिसऱ्यांदा गठ्ठेवाले काका स्वतःच घेऊन आले.

"बाई, दोन वर्षं राहिली निवृत्तीला. आता ह्या उचापती कशाला?"

"जागा नाही का तुमच्या खोलीत?"

"जागा आहे हो, पण खुणा आहेत ना मागे!"

"मग लिहून द्या, खुणा आहेत म्हणून परत केला. सही करा खाली."

काका चरफडले, पण त्यांनी लिहून दिलं. त्या चिठ्ठीमुळे कागदोपत्री ठरलं की खुणा होत्या, आणि समितीने गठ्ठा मागवून घेतला.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. लांब टेबल, अकरा खुर्च्या, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास. कोपऱ्यात एक टायपिस्ट. "बहिणीचं सांगा, त्यांना ते ऐकू द्या," असं वकीलबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं.

"ह्या वेळा तुम्ही का लिहीत होता?" अध्यक्षांनी विचारलं.

"सवय."

"ह्या दोनशे बारांपैकी उशिरामुळे कोणी दगावलं?"

"दोघी. कागद क्रमांक चाळीस आणि एकशे सत्त्याहत्तर."

"आणि आधीच्या वर्षांत?"

मावशीने समोरच्या ग्लासावरचं झाकण नीट बसवलं. "पावणेअकरा ते चार वीस," ती म्हणाली. "एक होती. तिचा कागद कोरा आहे. मीच पुसलाय."

टायपिस्टने मान वर केली.

"मग ते नोंदीत घेता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. आवाज सौम्य होता.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

बहीण हा शब्द तिने उच्चारला नाही. बाहेर आल्यावर वकीलबाईंचे डोळे भरले होते. मावशीने त्यांना बसचा थांबा विचारला.

सव्वा वर्षाने नियम बदलला. विवाहित स्त्रीची स्वतःची सही पुरेशी. राजपत्रात चार ओळी आल्या. दवाखान्यात मात्र जुने फॉर्म चार हजार शिल्लक होते, आणि ते संपेपर्यंत नवे छापायचे नाहीत, असा आदेश निघाला. मावशीने पट्टी घेतली आणि प्रत्येक फॉर्मवरची तिसरी ओळ शाईने खोडायला बसली. रोज दीडशे. काही ती घरी आणायची. मी म्हटलं, मी मदत करते. ती म्हणाली, रेघ तिरकी जाईल.

"बरं वाटतंय ना गं आता?" मी एकदा विचारलं.

तिने विचार केला. खरंच केला, पट्टी खाली ठेवून.

"हात दुखतोय," ती म्हणाली.

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी ती त्याच दवाखान्यात दाखल झाली. आतड्यात गाठ होती. मावशीचा नवरा कधीचाच घर सोडून गेला होता, तो हयात आहे की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं. खिडकीतल्या नव्या मुलीने फॉर्म दिला, मावशीने वाचला, खाली स्वतःची सही केली आणि परत दिला. कोणाला बोलवायचं नव्हतं, कुठे धावायचं नव्हतं. मी पिशवी घेऊन उभी राहिले. त्या ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली नाही. पण आत नेण्याआधी ती स्ट्रेचरवर पडून माझ्याकडे बघत होती, आणि मी नुसतीच उभी आहे हे तिला आवडलं नसावं.

"इथे तुझं काही काम नाही आता," ती म्हणाली. "जा, काहीतरी खाऊन ये."